टीसी लावला की फोटो सॉफ्ट येतो, फोकस अडखळतो: दोष नेमका कुठे आहे ते शोधण्याचा क्रम

लांब लेन्सला टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसून प्रतिमा मोठी करणारा जोड, पुढे नुसतं टीसी) जोडला आणि फोटो बिघडले, ही तक्रार पक्ष्यांचा हंगाम आला की हमखास येते. बहुतेक वेळा टीसीत काहीच बिघडलेलं नसतं, तरी तो बदलला जातो आणि तक्रार तशीच राहते. म्हणून आधी लक्षण ओळखा. मग खालच्या क्रमाने जा: फुकटची तपासणी आधी, खर्चाची शेवटी.

लक्षणं

- अख्खी फ्रेम सॉफ्ट. पक्ष्यावर नाही, फांदीवर नाही, पुढच्या गवतावरही धार नाही.
- पक्षी सॉफ्ट, पण त्याच्या चार बोटं पुढचं किंवा मागचं काहीतरी एकदम शार्प.
- फोकस मागे-पुढे, मागे-पुढे करत राहतो, लॉकच होत नाही. किंवा उजेडात होतो आणि सावलीत हात टेकतो.
- एकाच बर्स्टमध्ये (सलग झटपट काढलेल्या फ्रेममध्ये) एक फ्रेम शार्प, पुढच्या चार सॉफ्ट. सेटिंग तेच, पक्षी तिथेच.
- पिसांच्या कडा दुहेरी दिसतात, मागच्या काड्या फाटल्यासारख्या येतात.
- फोटोवर पांढुरकी साय, काळा रंग राखाडी.
- फ्रेमची एक बाजू शार्प, दुसरी नेहमी सॉफ्ट. कॅमेरा उभा धरला तरी सॉफ्ट राहते ती सेन्सरची तीच बाजू.
- अॅपर्चरच्या आकड्याऐवजी ‘एफ--’, कॅननवर ‘एरर ०१’, किंवा लेन्स मधूनच ‘गायब’.

शेवटची दोन लक्षणं यांत्रिक किंवा विद्युत दोषाची आहेत. बाकी सहांपैकी बरीचशी घरच्या घरी सुटतात.

१. टीसी काढा आणि नुसती लेन्स तपासा

ही तपासणी टाळून पुढे जाऊ नका, कारण पुढच्या प्रत्येक निष्कर्षाला हाच आधार आहे. टीसी स्वतःहून नवा तपशील निर्माण करत नाही. लेन्सने बनवलेल्या प्रतिमेचा मधला भाग तो मोठा करून सेन्सरवर टाकतो. १.४ पट टीसीत तोच तपशील दुप्पट क्षेत्रफळावर पसरतो, २ पट टीसीत चौपट. लेन्सची किंचित खोट, किंचित चुकलेला फोकस, किंचित हललेला हात, सगळं त्याच पटीत मोठं होतं. नुसत्या लेन्सवर जे ‘चालून जातं’ ते टीसीवर चालत नाही.

वर्तमानपत्राचं पान ताठ पुठ्ठ्यावर चिकटवा आणि सावलीत, लेन्सच्या अगदी समोर, १५ ते २० मीटरवर उभं करा. वेळ सकाळी लवकरची, ऊन तापायच्या आधी. लेन्स तिच्या कॉलरवरून (लेन्सभोवतीच्या पाय असलेल्या कड्यावरून) ट्रायपॉडवर किंवा भरलेल्या बीनबॅगवर ठेवा, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर, अॅपर्चर पूर्ण उघडं. नुसत्या लेन्सने दहा फ्रेम, टीसी लावून दहा. प्रत्येक फ्रेमआधी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा घ्या, एकदा अनंताकडून, एकदा जवळून. दोन्हींकडच्या सर्वांत चांगल्या फ्रेम निवडा. नुसत्या लेन्सची फ्रेम संगणकावर १४० टक्के (२ पटीसाठी २०० टक्के) मोठी करून शेजारी ठेवा.

आता बारीक अक्षरं वाचा. टीसीच्या फ्रेममध्ये जास्त अक्षरं वाचता येत असतील तर टीसी काम करतोय. दोष मग मैदानातल्या परिस्थितीत आहे, म्हणजे क्रमांक ३ आणि ४ वर लक्ष द्या. दोन्ही सारखीच दिसत असतील तर टीसीने तुमचा उजेड घेतला आणि बदल्यात काहीच दिलं नाही. नुसती लेन्सच सॉफ्ट असेल तर टीसीचा विषय इथे संपला, आधी लेन्स बघा. आणि दहापैकी दोन शार्प, आठ सॉफ्ट असं असेल तर काच चांगली आहे, चुकतोय तो फोकस.

२. जोडीचं गणित

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. तरी सर्वाधिक तक्रारींचं मूळ इथेच सापडतं. १.४ पट टीसी एक स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), १.७ पट दीड, २ पट दोन. म्हणजे लेन्सच्या एफ-आकड्याला त्याच पटीने गुणा:

३०० मिमी एफ/२.८ वर १.४ पट म्हणजे ४२० मिमी एफ/४, २ पट म्हणजे ६०० मिमी एफ/५.६. ५०० मिमी एफ/४ वर अनुक्रमे ७०० एफ/५.६ आणि १००० एफ/८. निकॉनच्या २००-५०० एफ/५.६ वर १.४ पट म्हणजे टोकाला ७०० एफ/८. कॅननच्या १००-४०० एफ/४.५-५.६ वर १.४ पट म्हणजे टोकाला ५६० एफ/८. १५०-६०० एफ/५-६.३ जातीच्या लेन्सवर १.४ पट म्हणजे ८४० मिमी आणि जवळपास एफ/९.

आता हा आकडा बॉडीच्या मर्यादेशी ताडून बघा. डीएसएलआरमध्ये ऑटोफोकसचा सेन्सर आरशाखाली असतो आणि लेन्सच्या दोन विरुद्ध कडांमधून आलेल्या किरणांची तुलना करतो. अॅपर्चर लहान झालं की त्या कडाच झाकल्या जातात आणि सेन्सरला तुलनेला काही उरत नाही. बहुतेक फोकस पॉइंट एफ/५.६ पर्यंतच्या हिशोबाने बनवलेले असतात, मोजके एफ/८ पर्यंत जातात. निकॉन डी७२०० आणि डी७५०० वर एफ/८ ला फक्त मधला एक पॉइंट चालतो. डी५०० आणि डी८५० वर १५३ पैकी १५, त्यातले आपल्याला निवडता येणारे ९. कॅनन ७डी मार्क टू वर मधला एक. ८०डी वर काही ठरावीक जोड्यांत ४५ पैकी २७. कॅनन ७०डी एफ/५.६ लाच थांबतो. म्हणजे २००-५०० आणि १.४ पट टीसी डी७५०० ला लावून कडेच्या पॉइंटवर पक्षी धरला, तर तो फोकस होणार नाही. त्यात बिघाड काही नाही. मधला पॉइंट घ्या, तोही शक्यतो भरपूर उजेडात आणि ठळक कडेवर.

मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच होतो, त्यामुळे हद्द बरीच पुढे गेली. कॅनन आर५ आणि आर६ एफ/२२ पर्यंत ऑटोफोकस करतात. पण ‘करतात’ याचा अर्थ भर दुपारी जे होतं ते संध्याकाळी साडेसहाला झाडीत होईल असा नाही. एफ/११ ला सेन्सरकडे एफ/५.६ च्या एक चतुर्थांश उजेड येतो, मग डोळा ओळखणारी प्रणालीसुद्धा चाचपडते. शिवाय काही प्रणाली टीसी लागला की मोटर मुद्दाम हळू चालवतात, म्हणजे फोकस पुढे निघून जाऊ नये. कॅननच्या ईएफ लेन्सवर १.४ पटीला वेग निम्मा होतो आणि २ पटीला पाव. उडता पक्षी हुकतो तो बऱ्याचदा यामुळे.

काही जोड्या तर बसतच नाहीत, आणि इथे जोर लावणं महागात पडतं. बऱ्याच टीसींची पुढची काच बाहेर आलेली असते. लेन्सची मागची काच जवळ असेल तर काचेला काच भिडते. तेव्हा कंपनीच्या सुसंगत यादीत नाव नसेल तर ‘लावून तर बघू’ म्हणू नका. पुढच्या गोष्टी विशेष लक्षात ठेवा:

कॅनन आरएफ १००-५०० ला टीसी लावायचा तर झूम किमान ३०० पर्यंत बाहेर काढावा लागतो, आणि टीसी असेपर्यंत तो मागे जात नाही. म्हणजे १.४ पटीत वापरायला मिळतं ४२० ते ७००, आणि बॅगेतही लेन्स लांबच राहते. निकॉनचा झेड टीसी एफटीझेड अडॅप्टरबरोबर चालत नाही. जुन्या एफ-माउंट लेन्सला एफ-माउंटचाच टीसी हवा, क्रम: बॉडी, एफटीझेड, टीसी, लेन्स. कॅननच्या ईएफ लेन्सलाही तोच न्याय. सोनी ई-माउंटवर सिग्मा किंवा टॅमरॉनच्या लेन्सना टीसीचा आधार नाही. सिग्माची १५०-६०० स्पोर्ट्स एल-माउंटवर टीसी घेते, ई-माउंटवर तीच लेन्स घेत नाही. सेकंड-हँड बाजारात यावरून फसगत होते, त्यामुळे माउंट विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

टीसीच्या पिनांवर चिकटपट्टी लावून बॉडीला ‘टीसी नाहीच’ असं भासवण्याची जुनी युक्ती अजून सांगितली जाते. तिने बॉडी फोकसचा प्रयत्न करते, इतकंच. वेग कमी होत नाही म्हणून फोकस पुढे-मागे घसरतो, आणि फोटोच्या माहितीत मूळ फोकल लेंग्थ आणि मूळ अॅपर्चर नोंदलं जातं. चिकटपट्टीचा गोंद पिनांवर राहतो तो वेगळाच.

३. हवा

दुहेरी कडा आणि ‘एक शार्प, चार सॉफ्ट’ या लक्षणांमागे सर्वांत जास्त वेळा हीच असते. जमीन किंवा पाणी तापलं की वरची हवा थरथरते. ८०० मिलिमीटरमधून आपण त्या थरथरीचाच फोटो काढत असतो. भिगवणला उजनीच्या पाण्यावर नऊ-साडेनऊनंतर दूरचे रोहित, ताडोब्यात एप्रिल-मेच्या दहा वाजताचा रस्ता, ऐरोलीच्या खाडीवर ओहोटीत उघडा पडलेला चिखल: या ठिकाणी जगातली कुठलीही काच लावा, शंभर मीटरवरचा पक्षी सॉफ्टच येणार.

तपासणी सोपी आहे. त्याच वेळी, त्याच सेटिंगवर १० मीटरवरची एखादी स्थिर वस्तू आणि ८० मीटरवरची एक वस्तू, दोन्हींच्या दहा-दहा फ्रेम काढा. जवळची शार्प आणि दूरची प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या प्रकारे वेडीवाकडी असेल तर दोष हवेचा. याला सेटिंगमध्ये इलाज नाही. जवळ जा, लवकर जा, नाहीतर टीसी काढून आजूबाजूच्या जागेसकट फोटो काढा.

गाडीतून काढत असाल तर इंजिन बंद. बॉनेटवरून काढू नका. एसी चालू असताना उघड्या काचेतून थंड आणि गरम हवा नेमकी लेन्ससमोर मिसळते. एसी गाडीतून एकदम दमट हवेत लेन्स बाहेर काढली की काचेवर बाष्प धरतं. पुढची काच पुसली तरी टीसी आणि लेन्सच्या मधल्या काचांवर ते बराच वेळ राहतं. पांढुरकी साय दिसली की हे आधी आठवा. बॅग बंद ठेवूनच बाहेरच्या तापमानाला वीस-तीस मिनिटं येऊ द्या.

४. शटर, आधार, आयएसओ

५०० मिमीला १.४ पट, म्हणजे ७००. १.५ क्रॉपच्या (लहान सेन्सरच्या) बॉडीवर त्याचा दृश्यकोन १०५० मिमीसारखा. बसलेल्या पक्ष्यासाठी सुरुवात १/१००० ते १/१६०० ला करा, उडत्यासाठी १/२५०० किंवा वर. स्टॅबिलायझर आपला हात सांभाळतो, पक्ष्याची मान नाही. दोष शटरचा आहे का, हे कळायला एकदा १/३२०० वर काढून बघा. आयएसओ कितीही चढू दे, ही फक्त चाचणी आहे. फोटो शार्प झाला तर उत्तर मिळालं.

स्टॅबिलायझरचीही परीक्षा घ्या. पक्क्या ट्रायपॉडवर जुन्या लेन्सचा स्टॅबिलायझर स्वतःच हालचाल निर्माण करतो. १/२००० च्या वर तो बंद आणि चालू, दोन्ही करून पाहा. काही लेन्सवर फरक स्पष्ट दिसतो.

इथे एक फसवा दोष सांगायला हवा. नुसत्या लेन्सवर एफ/५.६, १/१६००, आयएसओ ८०० असेल तर १.४ पटीत आयएसओ १६०० होतो, २ पटीत ३२००. जेपीईजी काढणाऱ्यांच्या कॅमेऱ्यात नॉइज रिडक्शन मग पिसांचा बारीक पोत पुसून टाकतं आणि दोष टीसीवर येतो. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) उघडून बघा. पोत तिथे असेल तर कॅमेऱ्यातलं नॉइज रिडक्शन कमी करा, काम झालं.

५. काच आणि फिल्टर

पुढचा यूव्ही फिल्टर काढा. स्वस्त फिल्टरची काच पूर्ण सपाट नसते. २०० मिमीला ते दिसत नाही, ८४० ला मागच्या काड्या फाटलेल्या दिसतात. संरक्षणाला हूड पुरतो. पण मोठ्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सच्या मागच्या बाजूला सरकवून बसवायच्या फिल्टरचा जो कप्पा असतो, तो रिकामा ठेवू नका. तिथली साधी काच त्या लेन्सच्या रचनेचाच भाग आहे, ती नसेल तर फोकसचं गणित बदलतं. सेकंड-हँड घेतलेल्या लेन्समध्ये तो कप्पा उघडून काच आहे याची खात्री करा.

टीसीच्या काचेवरची धूळ घाबरण्यासारखी नसते. बोटाचा तेलकट ठसा मात्र साय आणतो. ब्लोअरने हवा मारा, मग लेन्सच्या कागदावर लेन्स क्लीनरचा एक थेंब घेऊन मध्यापासून बाहेर गोल पुसा. द्रव थेट काचेवर टाकू नका, कडेने आत उतरतो.

६. माउंट आणि पिना

कॅमेरा बंद करा. आधी टीसी लेन्सला, मग दोन्ही मिळून बॉडीला, ‘टक’ आवाज येईपर्यंत. उलट क्रमाने लावताना जड लेन्स लोंबते आणि जोड तिरका पडतो. जड लेन्स असताना सेट बॉडीच्या ग्रिपने उचलू नका, लेन्सच्या पायाने उचला, नाहीतर सगळा भार टीसीच्या दोन पातळ जोडांवर येतो.

लागल्यावर किंचित फिरता खेळ, म्हणजे डावी-उजवीकडे अर्धा मिलिमीटर, चालतो. वर-खाली डुगडुग चालत नाही. तिनेच ‘एक बाजू नेहमी सॉफ्ट’ हे लक्षण येतं.

‘एफ--’ किंवा ‘एरर ०१’ येत असेल तर पिना. टीसीला दोन्ही बाजूंनी संपर्क असतात, म्हणजे मळ धरायच्या जागा दुप्पट. कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. नाही गेलं तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापड जेमतेम ओलं करून पुसा आणि पाच मिनिटं वाळू द्या. खोडरबर आणि पॉलिशपेपर वर्ज्य: मळ जातो, पण पिनांवरचा सोन्याचा मुलामाही जातो आणि पुढच्या पावसाळ्यात दोष कायमचा मुक्कामाला येतो. स्प्रिंगच्या पिनांपैकी एखादी आत दबून बसली आहे का तेही बघा. दबलेली असेल तर टाचणीने उकरू नका.

जाता जाता फोटोच्या माहितीत फोकल लेंग्थ किती दिसते ते पाहा. ५०० वर १.४ पट असूनही ५०० च दिसत असेल तर टीसी बॉडीला स्वतःची ओळख सांगत नाही. जुन्या आणि स्वस्त टीसींमध्ये हे आढळतं. याचा परिणाम पुढच्या क्रमांक ८ मध्ये येतो.

७. लिमिटर, अॅपर्चर

लेन्सवरचा फोकस लिमिटर (फोकस कुठल्या अंतरात शोधायचा ते ठरवणारा खटका) ‘पूर्ण’ वर आहे का? टीसी लावल्यावर किमान फोकस अंतर बदलत नाही, पण टीसीवर फोकस चुकला की मोटरला अख्खं अंतर पालथं घालावं लागतं. विषय २० मीटरपलीकडे असेल तर लिमिटर दूरच्या बाजूला लावा, शोधाशोध निम्म्यावर येते. जवळचा खंड्या धरायचा आणि लिमिटर दूरवर अडकलेला, हाही नेहमीचा घोळ.

एक स्टॉप अॅपर्चर बंद करून बघा, एफ/८ वरून एफ/११. झूम आणि टीसीची जोडी पूर्ण उघडी असताना सॉफ्ट आणि एक स्टॉपवर बरीच सुधारते, असं बहुधा होतं. त्याच्या पुढे जाऊ नका. एफ/११ ला विवर्तनाचा (लहान छिद्रातून जाताना उजेड पसरण्याचा) ठिपका साधारण १५ मायक्रॉनचा होतो, तर डी५०० चा पिक्सेल ४.२ मायक्रॉनचा आणि कॅनन आर७ चा ३.२ चा. म्हणूनच दाट पिक्सेलच्या क्रॉप बॉडीवर २ पट टीसी आणि नुसत्या लेन्सचा क्रॉप यांत फरक जवळपास उरत नाही, उलट उजेड जातो.

आणि खोली लक्षात घ्या. ७०० मिमी एफ/८ ला क्रॉप बॉडीवर २० मीटरवर शार्प पट्टा जेमतेम पाव मीटरचा, १० मीटरवर सहा-सात सेंटिमीटरचा. पंखावर फोकस आणि डोळा सॉफ्ट, हा मग दोष राहत नाही.

८. फोकसचं सूक्ष्म समायोजन (फक्त डीएसएलआर)

‘पक्षी सॉफ्ट, पुढचं किंवा मागचं शार्प’ हे लक्षण प्रत्येक फ्रेममध्ये एकाच दिशेने असेल तरच इकडे या. कधी पुढे कधी मागे असेल तर समायोजनाने काही होणार नाही.

खात्रीसाठी तेच वर्तमानपत्र, ट्रायपॉड. एकदा व्ह्यूफाइंडरमधून फोकस, एकदा लाइव्ह व्ह्यूमधून. लाइव्ह व्ह्यूत फोकस मुख्य सेन्सरवर होतो. तिथे शार्प आणि व्ह्यूफाइंडरमधून सॉफ्ट असेल तर दोष समायोजनाचा. दोन्हीकडे सॉफ्ट असेल तर मेन्यूला हात लावू नका, दोष काचेत किंवा जोडात आहे.

निकॉन आणि कॅनन दोन्हींत मर्यादा उणे २० ते अधिक २०. टीसीसह लेन्सची नोंद नुसत्या लेन्सपेक्षा वेगळी होते, म्हणून नुसत्या लेन्सला केलेलं समायोजन टीसीवर चालत नाही, टीसी लावून पुन्हा करावं लागतं. टीसी ओळख देत नसेल तर मात्र बॉडी नुसत्या लेन्सचाच आकडा वापरते आणि दोन्ही एकदम बरोबर होणं कठीण.

अॅपर्चर पूर्ण उघडं, मधला एक पॉइंट, फोकल लेंग्थच्या २५ ते ५० पट अंतर. प्रत्यक्ष वापरातलं अंतर त्यात बसत असेल तर तेच धरा. उणे १०, शून्य, अधिक १०: प्रत्येकी पाच फ्रेम, दर वेळी फोकस बिघडवून. ज्या बाजूला बरं वाटेल तिकडे ५ च्या टप्प्याने, मग २ च्या टप्प्याने. झूम लेन्स असेल तर तुम्ही सर्वाधिक वापरता त्या टोकाला करा. आकडा १५ च्या पुढे जायला लागला तर थांबा. तो दोष आकड्याने झाकायचा नाही, दुरुस्त करून घ्यायचा.

९. दुसरा नग

एवढं करूनही सुटलं नाही तर एक दिवस त्याच मॉडेलचा दुसरा टीसी आणा, ओळखीतून किंवा भाड्याने. पुण्या-मुंबईत लांब लेन्स भाड्याने देणाऱ्यांकडे टीसीही असतो. तीन चाचण्या: तुमची लेन्स आणि दुसरा टीसी, दुसरी लेन्स आणि तुमचा टीसी, दोन्ही तुमचे पण दुसरी बॉडी. दोष ज्या वस्तूबरोबर फिरतो ती वस्तू बिघडलेली. चाचणी एका सकाळीत होते आणि दुरुस्तीचा अंदाजपत्रकी खर्च अनेकदा भाड्यापेक्षा बराच जास्त असतो.

इथे थांबा, सर्व्हिस सेंटरला द्या

माउंट डुगडुगत असेल, स्क्रू सैल दिसत असतील, तर स्वतः आवळू नका. हे स्क्रू बहुधा जपानी पद्धतीच्या फुलीचे असतात. साधा फिलिप्स लावला की डोकं झिजतं. माउंटखाली अंतर नेमकं ठेवणाऱ्या पातळ चकत्या असू शकतात, त्यातली एक हलली की अनंताचा फोकस जातो. दबलेली किंवा वाकलेली पिन, पडून आदळलेला टीसी, आत खडखड, १५ च्या पुढचं समायोजन, आणि पिना साफ करूनही परत येणारा ‘एरर ०१’: ही सगळी घरची कामं नव्हेत.

बुरशीचंही तसंच. टॉर्च तिरका धरून टीसीतून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर तो इतर लेन्सपासून वेगळा ठेवा. उन्हात वाळवून ती जात नाही, आणि कोटिंग खाल्लं गेलं असेल तर सफाईनंतरही डाग राहतो. कोकणात आणि मुंबईत जूनच्या आधी ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर लावून ठेवा. ३० च्या खाली नेऊ नका.

देताना टीसी एकटा देऊ नका. लेन्स, टीसी आणि बॉडी तिन्ही द्या, सोबत चाचणीच्या रॉ फाइली पेनड्राइव्हवर. ‘सॉफ्ट येतो’ एवढंच सांगितलं तर टीसी त्यांच्या बॉडीवर तपासून ‘ठीक आहे’ म्हणून परत येतो.

जोडीच चुकली असेल आणि नवा घ्यायचा असेल

एफ/२.८ किंवा एफ/४ ची प्राइम असेल तर १.४ पट डोळे मिटून. २ पट फक्त एफ/२.८ वर खरा उपयोगी, एफ/४ वर उजेड भरपूर असेल तेव्हाच. एफ/५.६ च्या प्राइमला १.४ पट, तेही एफ/८ ला नीट फोकस करणारी बॉडी असेल तर. एफ/६.३ च्या झूमला डीएसएलआरवर टीसी घेण्यापेक्षा ते पैसे जवळ जाण्यात, म्हणजे लपणीच्या तंबूत किंवा आणखी एका सफारीत घाला. ७०-२०० एफ/२.८ ला २ पट लावून ४०० एफ/५.६ मिळतं खरं, पण नेहमी ४०० च लागत असेल तर १००-४०० घेणं शहाणपणाचं. टीसी त्यांच्यासाठी, ज्यांना कधीतरीच लागतं.

शक्यतो लेन्सच्याच कंपनीचा घ्या. सिग्माच्या डीएसएलआर १५०-६०० ला सिग्माचा टीसी-१४०१, टॅमरॉनच्या १५०-६०० जी२ ला टॅमरॉनचा टीसी-एक्स१४. जुना घेताना आवृत्ती विचारा. निकॉनचा टीसी-१४ई थ्री जुन्या डी-जातीच्या लेन्सवर चालत नाही. सौदा करण्याआधी टॉर्चने दोन्ही बाजूंनी काच बघा, स्प्रिंगच्या पिना एकेक करून नखाने हलक्या दाबा, सगळ्या परत वर आल्या पाहिजेत. लॉकचा खटका दहा वेळा लावून-काढून बघा. मग स्वतःच्या लेन्सवर लावून रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी सर्व बाजूंनी फ्रेममध्ये ठेवून काढा: मध्यावर, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. डावी-उजवी सारखी आली नाही तर विक्रेता कितीही उतरला तरी परत करा.